फोटोंचा रंग

आमच्या चोपड्याच्या वाचनालयाची वेबसाइट आम्ही पाच-सहा हौशी लोकांनी मिळून बनवली ना, तेव्हा भांडण झालं ते कार्यकर्त्यांच्या फोटोंवरून. डिझाइन करणारा नीलेश म्हणाला, "जे हयात नाहीत त्यांचे फोटो राखाडी ठेवू. बघणाऱ्याला लगेच कळेल."

तसा एकच फोटो होता, लीलाअक्कांचा. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांचे यजमान, आमचे पंडितनाना, म्हणाले, "तिना रंग काढू नको रे भाऊ. हौसेनं हिरवी साडी नेसनी व्हती ती फोटोकरता."

बराच वाद झाला. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि नाना हरले. ते शांतपणे म्हणाले, "मंग मना फोटो बी तसाच करी टाक." आम्ही खूप समजावलं, पण ते ऐकेनात. नाइलाजानं नीलेशनं दोघांचेही फोटो राखाडी केले.

साइट सुरू झाल्यावर नानांच्या घरी जामनेरहून फोन आला. मी तिथंच बसलो होतो. नानांनी स्पीकर लावला. पलीकडचा माणूस हळहळत म्हणाला, "आत्ताच फोटो पाहिला. नाना कधी गेले हो?"

नाना म्हणाले, "लीला गई, तवयच." आणि फोन ठेवला.