दोरी झोपलीय

— हो हो, उघडा ना, मी कुठे नाही म्हणतोय — फक्त हे तिसरं कपाट शेवटी उघडा, एवढंच म्हटलं. उकिरडा आहे नुसता. बावीस वर्षांत ज्याला जशी सुचली तशी त्याने वायर ओढलीय, तुमची वायरींची यादी त्यात अडकून पडेल. आधी चहा घ्या. मशीन सोमवारपर्यंत बंदच आहे, कुठे पळून जातंय — त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय, इकडे बसा. काय म्हणत होतो मी? हां, ओलावा. इतकी वर्षं कागद सुकला की नाही हे कळायचं कसं, असं विचारलंत. हाताने, साहेब. कागद रिळावर चढायला लागला की असा पालथा हात टेकवायचा — गार लागला तर ओला, वाफ वाढव. खरखरीत लागला तर जास्त सुकला, वाफ फुकट गेली. या हातावर ही गिरणी चालली. हसू नका, खरंच चालली.

आता तुमचं ते यंत्र कागदावरून इकडून तिकडे फिरत राहणार, क्षणाक्षणाला मोजणार, वाफ आपली आपण कमी-जास्त करणार. कोळसा पाचवा हिस्सा वाचेल म्हणता, पाणी गाळून परत वापरणार, नदीत पांढरा गाळ सोडणं बंद. चांगलंच आहे की. इथल्या लोकांना वाटतं म्हातारा आतून जळतोय, हातचं काम चाललं म्हणून. छे. मला काय, दीड वर्षाने घरीच बसायचंय. मी तर म्हणतो तुम्ही उशीर केलात. सहा वर्षं उशीर — नाही, सहाच का, असंच आपलं तोंडाला आलं.

बरं, तुमची ही यादी पुढे कोणाकडे जाते? प्रयोगशाळेतल्या बाईंकडेच ना? तुमच्या यंत्राच्या नव्या पडद्यासमोर त्यांनाच बसवणार म्हणून ऐकलं. माझी सख्खी बहीण ती, धाकटी. सांगितलं नाही कोणी? तिचा नवरा इथेच होता, मशीनवर. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं. हुशार आहे हो, आमच्या घराण्यात अक्कल वाटायला आली तेव्हा सगळी तीच घेऊन बसली. ओळ न् ओळ वाचते. ही वायर कशाची, ही इथे का, ही काढली तर काय होईल — भंडावून सोडेल तुम्हाला. म्हणून म्हणत होतो, हे तिसरं कपाट — अहो. उघडलंत शेवटी.

हां. तो लाल तुकडा. वीतभर आहे, एकच टोक जोडलेलं. जुनं आहे, काही कामाचं नाही, सोडा — नाही? प्रत्येक वायर लिहावी लागते? बरं, ऐका मग. बाहेर सुकवणीच्या रुळांच्या कडेने पिवळी दोरी गेलीय बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी रुळांत सापडलं तर ओढायची, सगळं थांबतं. पण तिच्या टोकाला जे बटण आहे त्यात वाफेचं पाणी शिरायचं. कोणी हात न लावता मशीन थांबायचं, आठवड्यातून चारदा, परत तापायला दोन तास, तोवरचा सगळा लगदा वाया, आणि वरून बोलणी खा. मग कोणीतरी शक्कल काढली. हा तुकडा दोन्ही टोकांना जोडायचा, की दोरी नुसती दिसायला. कोणीतरी म्हणजे मीच. हवा दमट असली की लावायचा, नाहीतर काढायचा, आणि पाळी बदलताना येणाऱ्याच्या कानात सांगायचं — दोरी झोपलीय. बस, एवढंच. वहीत लिहायचं नाही. वहीत लिहिलं तर नोकरी गेलीच समजा. म्हणून तोंडीच. पंधरा वर्षं तोंडी चाललं, एकदाही चुकलं नाही.

माझा मेव्हणा माझ्यानंतरच्या पाळीला असायचा. शेपटीवाला म्हणायचे त्याला. कागद तुटला की एक अरुंद पट्टी कापून घ्यायची आणि चालत्या रुळांतून हाताने ओवायची, तिला आम्ही शेपटी म्हणतो — त्याच्याइतकी साफ कोणाला जमायची नाही. एकदा त्याने माझं रीळ अडवलं, सगळ्यांदेखत. म्हणाला, दादा, हे ओलं आहे, तुमचा हात गेला आता. आणि ओलं होतं हो. तेच तर झोंबलं. बाहेरच्याने म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं, पण घरचा जावई, आणि चार पोरांसमोर! मी अबोला धरला. तो दोनदा घरी आला समजूत काढायला, मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. पाळी देताना वही पुढे सरकवायची आणि निघायचं, तोंडातून अक्षर नाही. वाफ किती, लगदा किती, कुठला रूळ आवाज करतोय, सगळं लिहायचो, सुवाच्य अक्षरात. पाचव्या दिवशी हवा दमट होती. दुपारीच तुकडा लावला होता मी. वहीत सगळं लिहिलं आणि निघालो. तुमचं ते ओलावा मोजणारं यंत्र तेव्हा असतं ना, तर आमचं भांडणच झालं नसतं, साहेब. आकडा दिसला असता, मी मान खाली घातली असती, संपलं असतं.

दारापर्यंत पोचलो आणि कागद तुटल्याचा आवाज आला. वळलो. शेपटी ओवताना बाही अडकली होती त्याची. डावा हात आत चालला होता आणि उजव्याने त्याने दोरी ओढली. ओढली हो. दोनदा ओढली. दुसऱ्यांदा ओढताना त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हा कळलं. मी मशीन बंद करायच्या मोठ्या बटणाकडे धावलो. धावलो मी, पण अंतर होतं.

चौकशीवाले यायच्या आधी एक टोक सोडवलं आणि तुकडा मागे दडपला. त्यांनी दोरी ओढली, मशीन थांबलं. म्हणाले, म्हणजे याने ओढलीच नाही, घाबरला असणार. मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? मी म्हणालो, मी पाठमोरा होतो. त्यानंतर या कपाटाला हात लावायचा धीर झाला नाही मला, आज तुम्हीच उघडलंत. बहीण आणि भाची माझ्याकडेच राहतात. पोर अभ्यासात घाई करायला लागली की ही तिला सांगते, तुझ्या बाबांनी अशीच घाई केली, दोरी हाताशी होती तरी ओढली नाही. माझ्यासमोर सांगते, मला वाढता वाढता. मी जेवतो. आता यादीत ही ओळ दिसली की ती विचारणार, दोरीच्या बटणाला ही जादा वायर कशाला? आणि तिला समजायला अर्धं मिनिटसुद्धा लागणार नाही. म्हणून म्हणतो, एवढी एक ओळ —

काय केलंत? खोडली? नाही, म्हणजे — मीच तर मागत होतो. पण मला वाटलं तुम्ही निदान — काय म्हणालात? जुनी चौकशी उघडली तर सोमवारी मशीन चालू होणार नाही. बरोबर आहे. मीही तेव्हा असंच काहीतरी म्हणालो होतो स्वतःला, गिरणी बंद पडेल, एवढ्या लोकांची पोटं आहेत. वय काय तुमचं, तीस? मला दोन दिवस लागले होते, तुम्हाला चहा गार व्हायच्या आत जमलं. रागावत नाही हो. मी कोण रागावणारा? त्याने दोरी ओढली, हे आता कुठेच लिहिलेलं असणार नाही, एवढंच म्हणतोय.

काढा तो तुकडा, द्या इकडे. आणि यादी घेऊन जा तिच्याकडे, सुट्टीतही टेबलावरच असते. सगळं विचारेल, नीट सांगा. शेवटी विचारेल, दादाने बघितलीय का यादी? हो म्हणा. मग ती पुढे काही विचारत नाही, सही करते. जा. जा म्हटलं ना.