ठीक हाये, पन...

...आन मी त्याले घरून निघतानी बजावलं, जीपमदे बजावलं, वडस्याच्या रेल्वे फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत पुन्हा बजावलं, का बाबू संघपाल, आज तोंडातून 'पन' काढाचा नाई! हो म्हन, नाई म्हन, नुसती मुंडी हालव, पन 'पन' म्हनू नोको! आता पाहा, मीच म्हनली. सर्दीसारखं हाये ते बाप्पा, घरात एकाले झालं का सगळ्याईले होते!

संघपाल म्हंजे माहा दीर. ब्रह्मपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाये त्याचं. पोट्टा सोन्यासारखा, तुम्हाले सांगते, खर्रा नाई, दारू नाई, कोनाच्या लेन्यात नाई का देन्यात नाई. फक्त पिक्चर! जुना पाह्यजे, नवा पाह्यजे, भुताचा, वाघाचा, डाकूचा, कायचाबी पाह्यजे, आन पाहून झाला का कोनी इचारो का नाई इचारो, घसा साफ करन आन म्हनन, "ठीक हाये वहिनी, पन..." बस! त्या 'पन'च्या मांगं दोन तासाचा पिक्चर अडीच तास चालते!

एकदा भुताचा लावला, जुना. पांढरं लुगडं नेसून बाई मेनबत्ती घेऊन फिरून राह्यली, मी उशी तोंडावर घेऊन बसली, आन हा म्हनते, "ठीक हाये वहिनी, पन याच्यात भ्याचं काय हाये? लाइट गेली का आपल्या इथी सगळ्या बाया अशाच फिरतेत." मंग त्याचाच रिमेक पाह्यला, त्याच्यात भूत मोबाइलमदून येते. तं म्हनते, "आपल्या गडचिरोलीकडं हे भूत उपाशी मरन. पह्यले टावर कुठी हाये ते पाहीन का झपाटन?" आन वाघाचा पिक्चर! त्या हिरोनं वाघासंग कुस्ती खेळली ना बाप्पा, संघपाल असा चिडला, असा चिडला का जेवला नाई! "अरे, आमच्या शिवारात वाघ दिसला तं मानूस ओली चड्डी घेऊन घरी येते, कुस्ती कुठून खेळन?" ना शेवटी त्याचा तो ठरलेला कायदा, "वहिनी, रिमेक कधीच ओरिजिनलच्या तोडीचा नसते. लिहून ठेवा."

हसून राह्यले ना तुम्ही? हसा. मलेबी हासू येते. पन पोरी पाहाले गेल्यावर कोनाले हासू येते जी? मूल गावाले गेलो होतो, पोरीच्या मायनं इचारलं, "पोहे कसे झाले?" सरळ गोठ हाये, मस्त म्हनाचं! याचं आपलं, "ठीक हाये, पन शेंगदाने..." झालं! पोरगी कशी होती ते मले आठवत नाई, शेंगदाने तेवढे आठवतेत. दुसरीकडं पोरीचं नाव सुंदर हाये म्हनला, आन पुढं "पन." कायचा पन बे नावात?

पन या वक्ती गोठ येगळी होती. या वक्ती त्याचाच जीव लागला होता. नूतन म्हंजे वडस्याच्या बापूरावची पोरगी. याले ट्रॅव्हल्समदे दिसली होती. गाडीत पिक्चर लागला, हिरोची माय मरून राह्यली होती, सगळी गाडी डोळे पुसून राह्यली, ना ही एकटी पोट्टी खिडकीपाशी तोंडात ओढनी कोंबून हासून राह्यली. हा घरी आला ना मले म्हने, "वहिनी, एक पोरगी पाह्यली." मी वाट पाहून राह्यली, आता पन, आता पन... आलाच नाई! मी ह्याईले म्हनलं, अवो ऐका, पोट्टा कामातून गेला! मंग शोधून काढलं, मधी मानूस घातला, आन गेलो आम्ही तिघं. म्हंजे हा, मी आन माहे हे. हे असून नसल्यासारखेच असतेत, घरी बी ना बाहेर बी.

तं गेलो. जयभीम झाला, पानी झालं. गिरजाबाई, म्हंजे पोरीची माय, लय गोड बाई. नूतन पोहे घेऊन आली. संघपालनं घास घेतला. मी त्याच्या मांडीवर चिमट्याची तयारी ठेवून... "मस्त!" म्हनला. पुढं काईच नाई! अवं माय, माह्या डोळ्यात पानी आलं! प्रवास कसा झाला? मस्त. दुकान कसं हाये? मस्त. कपाळावर घाम फुटून राह्यला होता त्याच्या, एक-एक पन गिळून राह्यला होता बिचारा.

आन नेमका टीवी चालू! डाकूचा जुना पिक्चर! गिरजाबाई म्हने, "बंद करा ना वो, पाहुने आले." तं बापूराव, असा उंचपुरा मानूस, अशा मिशा, आवाज म्हंजे ढोल, तो म्हने, "पाहुन्याईले बी पाहू दे." झालं. सगळे पाहून राह्यले. डाकू मेला. बापूरावनं मिशीवर हात फिरवला आन इचारलं, "कसा वाटला पाहुने?"

मी चिमटा घेतला, तुम्हाले सांगते, असा घेतला का अजून निळं असन तिथी. काई फायदा नाई! बांध फुटला!

"ठीक हाये जी, पन... हा कायचा डाकू भाऊ? बूट पाहा त्याचे! दरोड्याले चालला का वरातीले? आन याचा रिमेक आला आता, त्याच्यातला तं जिममदून सिधा जंगलात आला, दाढी पार्लरमदून! खरा डाकू म्या पाह्यला. लहान होतो, आमच्या गावी मंडईले, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेले, नाटक आलं होतं, याच पिक्चरवरचं. बाप्पा रे! तो स्टेजवर आला तं समोरचे पोट्टे रडाले लागले, म्या आज्याच्या धोतरात शिरलो! त्याच्यापुढं हा टीवीवाला म्हंजे बँडवाला!"

बापूरावनं टीवीचा आवाज बंद केला. "मंग?" म्हने. आवाज असा मऊ झाला. आन माही नजर भिंतीवर गेली. बाबासायबाच्या फोटोखाली एक जुना फोटो, कपाळावर टिळा, छातीवर काडतुसाचा पट्टा, हातात बंदूक... आन त्याच मिशा! माय वं! हाच तो डाकू! संघपालचं ध्यानच नाई, आन अंधारात तीर सिधा बापूरावच्या काळजात! मी म्हनलं जमलं, पोरगी आपली! चिमटा सोडून देल्ला मी. तीच चुकी झाली.

"पन..." म्हनला संघपाल.

"पन तो डाकू मरे लय वेळ! गोळी लागली तं मानूस पडते का नाई? हा मायसंग बोलला, घोड्यासंग बोलला, मंग पब्लिकनं वन्स मोर म्हनलं तं उठून पुन्हा मेला! माहा आजा बाहेर जाऊन चहा पिऊन आला, तरी हा मरूनच राह्यला होता!"

टीवीतला घोडाबी आता हळू पळून राह्यला वाटे.

बापूराव उठला. "तो डाकू म्या होतो." संघपालचं तोंड... नोका इचारू. "हिवाळ्याचे हिवाळे मेलो म्या! गावोगाव मेलो! बाया हुंदके देऊन रडत होत्या, आन तुह्या आज्याले चहा सुचला?" टेबल सरकवलं ना मधात उभा राह्यला. "आता मरून दाखवतो. पाहा, लय वेळ लागते का! गिरजा, गोळी झाड!"

गिरजाबाई चहा गाळता गाळता, मान वर नाई का काई नाई, सवयीनं म्हनली, "ठोऽऽ!"

आन बापूराव मराले लागला. डगमगला, मायले हाक मारली, घोड्याच्या गळ्यात पडून बोलला... घोडा कोन? माहे हे! चुपचाप बसले होते ना कोपऱ्यात! हेबी असे, की मान खाली करून उभे राह्यले. जनमात पह्यल्यांदा ह्याईनं काई काम केलं आन ते घोड्याचं! चहावर साय आली, बापूराव अजून गुडघ्यावरच. पन खरं सांगू? शेवटी चटईवर पडून त्यानं "माये, तुह्या लेकराले पानी पाज" म्हनलं ना, तं मी पदरानं डोळे पुसले. पाहते तं संघपाल धाय मोकलून रडून राह्यला! "वहिनी, तोच आवाज! तोच आवाज वहिनी!" आन ताड्कन उठला ना टाळ्या वाजवत बोंबलला, "वन्स मोर!"

मेला बापूराव. म्हंजे, पुन्हा मेला.

मंग धापा टाकत चटईवरून म्हनते, "आता... सांग... कसा वाटला?" आम्ही सगळे संघपालच्या तोंडाकडं. व्हट हालला त्याचा. मी डोळे मिटले. "एक नंबर," म्हनला. आन थांबला! खरंच थांबला!

बापूराव खुश. पडल्या पडल्याच दाराकडं पाहून म्हने, "नूतन, माह्याकडून पक्कं. तुह्यं सांग, पोरगा कसा हाये?"

दारात नूतन, तोंडात ओढनी कोंबून, हासून हासून डोळ्यात पानी. ओढनी काढली, घसा साफ केला, आन म्हनली, "ठीक हाये, पन..."

तुम्हाले सांगते, संघपालचा चेहरा! इतक्या वर्षांत त्याले पह्यल्यांदा समजलं, 'पन' समोरून आला तं कुठी लागते! पांढरा फटक पडला.

"...पन बाबाले वन्स मोर म्हनाचं नाई. मंग कंबर मले शेकून द्या लागते."

झालं लगन. औंदाच झालं. आता दोघं शेजारी बसून पिक्चर पाहतेत, आन हा एक पन म्हनला तं तिचे दोन तयार! रिमेक ओरिजिनलच्या तोडीचा नसते म्हने! आता म्हन ना, आता काऊन नाई म्हनत? काल मी मस्त अद्रक घालून चहा केला, दोघाईले नेऊन देल्ला. दोघाईनं संगच घोट घेतला, संगच माह्याकडं पाह्यलं, आन संगच घसा साफ केला... म्हनलं, म्हना बाप्पा, म्हना! बसलीच हाये मी.