पापणीवरची गाठ

(भरे गाव. घरमालकीण गोजराबाई ओट्यावर बसलेली. भाडेकरू जुईली सहा महिन्यांच्या गौतमीला कडेवर घेऊन समोर उभी.)

जुईली : मला फक्त एवढं सांगा आजी, माझ्या सासूबाईंशी खोटं का बोललात?

गोजराबाई : कवा बोलले मी खोटं?

जुईली : परवा, त्या लातूरला निघाल्या तेव्हा. म्हणे, गौतमी पोटात असताना ग्रहणात तुम्हीच मला पेरू दिलात, कापून खा म्हणालात, आणि म्हणून गौतमीच्या पापणीवर ही लाल गाठ आली! अहो, पेरू मीच आणला, मीच कापला. तुम्ही तर त्या दिवशी उरवड्याला भाच्याकडे होतात.

गोजराबाई : हळू बोल, पोरगी दचकती.

जुईली : का पण आजी?

गोजराबाई : का म्हंजी? आठ दिस ती बाई तुला टोचून टोचून बोलत हुती. तूच लेकराच्या डोळ्याचं वाटोळं केलं म्हनं. तू मोरीत नळ सोडून रडायचीस. भित मधी येकच हाय, समदं ऐकू येतंय. म्हनलं, घिऊ आपल्या डोक्यावर. मला बोलाय माझी सासू थोडीच हाय आता!

जुईली : त्याला हेमँजिओमा म्हणतात. रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ. काहीही कापल्यानं होत नाही ती. डॉक्टरांनी तीनदा सांगितलंय.

गोजराबाई : डाक्टर सांगंल. मी मानते गिरान.

जुईली : मानता? आणि तरी स्वतःवर घेतलंत?

गोजराबाई : मंग तुझ्यावर राहू दिऊ व्हय?

जुईली : आता काय झालंय, ऐका. सोमवारपासून माझं ऑफिस. गौतमी तुमच्याकडे राहणार होती. सासूबाई म्हणतात, त्या बाईच्या हातात पोर द्यायची नाही.

गोजराबाई : वाटलंच हुतं मला. नगं दिऊस बाई. हिंजवडीत पाळनाघरं हायेत की. फकस्त त्यास्नी नीट सांग, गाठीची दवा उपाशीपोटी न्हाई द्यायची. आदी पोटभर पाजायचं, मंग पिचकारीनं दवा. पीत नसंल, वकत आसंल, तर त्या येळची द्यायचीच न्हाई, तुला फोन करायचा. आत्ता कुटं गाठ मऊ पडलीया, डोळा पुरा उघडाय लागलाय. हयगय झाली तर पापनी पुन्यांदा झाकंल, आन् डोळा बघायचंच इसरंल.

जुईली : एवढं सगळं पाठ आहे तुम्हाला?

गोजराबाई : चार महिने बघतीया न्हवं रोज.

जुईली : आजी, रडताय?

गोजराबाई : रडू न्हाई तर काय करू? लई जीव लावलाय हिनं मला.

जुईली : मी सासूबाईंना आत्ताच फोनवर खरं सांगून आले. पेरू माझा, सुरी माझी. आणि गौतमी गोजराआजींकडेच राहणार.

गोजराबाई : अगं बया! काय म्हनल्या?

जुईली : फोन आपटला.

गोजराबाई : लई चिडल्या आसतील गं.

जुईली : चिडू देत. घ्या हिला. आत्ताच पोटभर पाजलंय. आजचं औषध तुम्ही द्यायचं.

गोजराबाई : मी? आजपातुर निसतं बघितलंय गं, दिली न्हाई कंदी.

जुईली : असू दे. आज मी धरते हिला. सोमवारी तुम्हाला एकटीनं द्यायचंय.