पेडलवर बसलेला माणूस

शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. शनिवारी संध्याकाळी मी एकटा होतो. समोर गाडी होती ती माझ्या गॅरेजच्या गाळ्याच्या मालकांच्या धाकट्या मुलाची, रविवारी पहिल्यांदाच रेसच्या ट्रॅकवर जाणारी. तेवढ्यात मालकच आले, म्हणून मी त्यांना पेडलवर बसायची विनंती केली आणि चाकाशी बसलो. ते काय बोलले ते असं —

दाबला. धरलाय. अरे धरलाय म्हणतोय ना, सोडत नाही, तू सांगशील तेव्हाच सोडेन — बघ, गाळा माझा आणि हुकूम तुझा, दिवस आलेत तुझे. सोडू? सोडला. परत? दाबला... धरलाय. किती वेळा करायचं हे? नवं ऑइल येईपर्यंत? येऊ दे, मला कुठे घाई आहे. दुकान थोरला बंद करेल. तो करतो बिचारा, सांगितलं की करतो. मी हसलो की हसतो, मी उठलो की उठतो, लग्न झालं तरी मला विचारूनच केस कापतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही — कंटाळा येतो त्याचा, एवढंच. सोडू?

बरं, मला एक सांग मुक्या — रागावू नकोस, सगळेच तुला मुक्या म्हणतात, मीच ठेवलंय ते नाव — ही गाडी रोज रस्त्यावर चालते, ब्रेक लागतात, मग आता हे नवं ऑइल, नवे पॅड, कशाला सगळं? काय? जरा मोठ्यानं बोल, चाकाला सांगू नकोस, मला सांग. हां. म्हणजे ट्रॅकवर दर वळणाला जोरात दाबावा लागतो, गार व्हायला वेळच मिळत नाही. आणि ऑइल उकळतं? चहासारखं? गंमत आहे. आणि उकळलं की पेडल खाली जातो आणि गाडी थांबत नाही. सरळ जाते. वळणावर सरळ! हा हा — म्हणजे आमच्या धाकट्यासारखीच की. त्याचंही तसंच, तोंड उघडतो आणि तिथल्या तिथे अडकतो, पुढे काही नाही.

तुला माहीत आहे ना, तो अडखळतो ते? लहानपणापासून. डॉक्टर म्हणाले, लक्ष देऊ नका, आपोआप जाईल. आपोआप काय जातं रे? मी त्याला दुकानात बसवलं, फोनवर. फरशीचं दुकान, दिवसभर फोन. "हॅलो" म्हणता म्हणता समोरचा माणूस फोन ठेवून द्यायचा — हॅ-हॅ-हॅ — आणि गिऱ्हाईकं समोर उभी, हमाल उभे, सगळे हसतायत. मीही हसायचो. त्याशिवाय चामडी जाड होत नाही. रडायचा, मग मी म्हणायचो, रड, पण न अडखळता रड. सोडू का? सोडला. आणि झाला ना फायदा? नोकरी करतो आज. काँप्युटरवर करतो, बोलावं लागत नाही अशी बघून घेतलीय, पण करतो. मग मी वाईट कसा? नाही, मी वाईट नाहीच. त्याची आई म्हणते तेवढा तर नाहीच. म्हणजे म्हणायची. आता ती माझ्याशी बोलत नाही, ताट वाढते आणि आत जाते. शांत झालीय वयानुसार.

दाबला. एकदा घरी एक मुलगी आणली त्यानं. चांगली होती, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. हा तिचं नाव सांगायला लागला, तर पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. म-म-म. सगळे खाली बघतायत. मी म्हटलं, सावकाश चालू दे, आम्ही जेवून बसलोय. थोरला हसला. तिचा भाऊ आला होता, तोही हसला. मुलगी तेवढी हसली नाही. परत आलीही नाही. मग आता यात माझा काय दोष? विनोद होता. चांगला विनोद होता की नाही, तूच सांग. बघ, तुलाही हसू येतंय — नाही? खोकला आला? बरं.

धरलाय, धरलाय. पाय दुखायला लागला. सीट पुढे घेऊन ठेवलीय यानं, बुटका आहे ना, आईवर गेलाय. पहिल्यांदाच बसतोय मी या गाडीत. हो, पहिल्यांदा. घेऊन दोन वर्षं झाली. सेकंडहँड घेतली, मला न विचारता, आणि दारात आणून उभी केली. मी म्हटलं, भंगारात कितीला घेतील? त्यानंतर कधी "बसा" म्हणाला नाही. मीही म्हटलं, बोलवेल. बोलवलं नाही. आणि ऐक ना, याची आई थोरल्याला सांगत होती, मी आतून ऐकलं — गाडी चालवताना हा अडखळत नाही म्हणे. एकदाही नाही. स्टिअरिंग हातात आलं की सरळ, धडाधड बोलतो, जोक सांगतो, गाणीसुद्धा म्हणतो. माझा मुलगा, आणि त्याचा नीट आवाज मी ऐकलेला नाही. तिनं ऐकलाय. थोरल्यानं ऐकलाय. तूही ऐकला असशील, ट्रायलला जाता ना दोघं? ऐकलायस? कसा आहे?... राहू दे. सांगू नकोस.

उद्या सगळे चाललेत. मला कसं कळलं? स्वयंपाकघरात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, माझी सोडून. विचारलं नाही कुणी. मी कुठे जाणार होतो म्हणा, ऊन, धूळ, आवाज — पण विचारायचं ना. "येता का" एवढं विचारायला काय लागतं? ते तर न अडखळता येतं.

सोडू? नको? हवा काढायचा नट उघडा आहे? बरं, धरून ठेवतो. आणि समज आत्ता सोडला तर? नट उघडा असताना? हवा आत ओढली जाते. हां. आणि मग पेडल मऊ पडतो, दाबला तरी अर्धा ब्रेक लागतो. रस्त्यावर चालून जातं, ट्रॅकवर नाही. असं होय. एवढं सगळं माझ्या एका पायावर आहे म्हणजे. तीस वर्षं दुकान चालवलं, पण इतकी सोपी गोष्ट कुणी हातात दिली नव्हती.

सोडला.

ओरडू नकोस. एवढा आवाज आहे होय तुझ्यात? आण, परत दाबतो — आणि सोडतो. आणि परत. बघ नळीत, बुडबुडे आले का? येऊ देत. आता नट आवळायचा आणि चाक चढवायचं. नाही, पुन्हा काढायची नाही हवा. मी सांगतोय म्हणून. अरे मरणार नाहीये तो! घाबरेल. एखाद्या वळणाला पाय खाली जाईल, गवतात जाऊन थांबेल. बसेल आपला तिथे, आणि सगळे धावत येतील, आणि "काय झालं रे" म्हणून विचारतील, आणि तेव्हा बघू — तेव्हा बघू न अडखळता किती बोलतो ते. बस, तेवढंच. एकदा गाडीतही अडखळला पाहिजे. मग विकेल ती. मग येईल दुकानात. बापाला एवढंही मागायचा हक्क नाही?

माझ्याकडे असा बघू नकोस. हा गाळा कुणाचा? तुझी लिफ्ट, तुझी हत्यारं, ही तुझी पाटी — सगळं उचलून रस्त्यावर ठेवायला मला एक दुपार पुरे, आणि इथे फरशीची खोकी चांगली मावतात, मी मापं घेऊन ठेवलीत. तुझी आई विचारत होती परवा, पोरगं नीट काम करतंय ना. मी म्हटलं, करतंय. तसंच म्हणत राहू दे मला.

चल, उतरतो. पाय आखडला. हे काय? ही शेजारच्या सीटवर उशी कसली? ही आमची आहे. पाठीची उशी आहे ही, तिची, पलंगावरची... ही इथे कशाला? काय म्हणालास? पहिल्या फेरीला ती बसणार? शेजारी?

तिनं मला सांगितलं नाही. तिची पाठ महिनाभर दुखतेय, माझ्याबरोबर रिक्षात बसवत नाही तिला, कोपऱ्यावर जायचं तरी नको म्हणते. आणि तिथे बसणार. उशी घेऊन.

नाही. नट उघडायचा नाही. मी काय सांगितलं? आहे तसं राहू दे. बसू दे तिला. ऐकू दे त्याचा आवाज, शेवटपर्यंत ऐकू दे. घाबरलेली माणसं घरीच येतात, दुसरीकडे कुठे जातील? आणि नाहीच आली, तर मी जेवायला थांबणार नाही. चाक चढव. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ आणि त्यांची आई, म्हणजे काकू, आले तेव्हा गाडी अजून जॅकवरच होती. मी थोरल्या भावाला पेडलवर बसवलं आणि चारही चाकांची हवा पहिल्यापासून काढली. मग ब्रेक तपासायला धाकट्याला एक चक्कर मारून यायला सांगितलं, आणि तो गेल्यावर काकूंना बाजूला बोलावून मालकांचं सगळं बोलणं सांगितलं. मला नीट सांगता येत नाही, पण सांगितलं. जेवायला न थांबण्याचं ते वाक्य गाळावं, असं फार वाटत होतं. गाळलं नाही.