बाहेरची कडी

—नाही नाही सर, ती झोळी माझ्याच मुलाची आहे. प्रीतम. दात येतायत म्हणून जरा कुरकुर चाललीय. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे ना, येणंजाणं असतं, मग ह्याला कुठे ठेवणार—आणला सोबत, टांगली झोळी व्हरांड्यात. एवढंच. जिज्ञासा मॅडम आत आहेत, दोन वर्ग एकत्र घेतायत, दुसरे सर मतदारयाद्यांच्या कामावर गेलेत. त्यांना तुमच्याच शिक्षण खात्याच्या ऑफिसने पाठवलंय, तेव्हा तुम्हाला माहीत असेलच. बोलावते मॅडमना, पण गुणाकार चाललाय, मध्येच उठल्या तर मागची बाकं हातातून जातात. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय—ही घ्या. पाणी देऊ?

ती दुसरी झोळी? तीपण माझीच. म्हणजे प्रीतमचीच, एक ओली झाली की दुसरी. आता रडतंय ते कोण—हं. थांबा, दोरी ओढते. हा सदू. नाही, हा माझा नाही. दोन झोळ्यांतून दोन तोंडं तुम्हाला दिसतायत, आता मी काय सांगणार. आजोबांचं नाव ठेवलंय त्याला, एवढंसं पोर आणि नाव सदू, हाक मारताना आपणच ओशाळतो. आणि तुम्ही त्या खोलीच्या दाराकडे बघताय तर तेही सांगून टाकते—आत सतरंजीवर अजून चार-पाचजण आहेत, चालणारे. तांदळाची पोती असतात तिथे, चढतात त्यांच्यावर, म्हणून मधे बाक आडवं टाकलंय. मला नीट खोटं बोलता येत नाही, सर. डी.एड. केलं, पण त्यात हा विषय नव्हता.

हो, डी.एड. झालंय माझं. टीईटी थोडक्यात राहिली. दोनदा थोडक्यात राहिली. तेव्हा शिक्षिका म्हणून मी कोण, हे तुम्ही विचारायच्या आधीच मी स्वतःला विचारून झालंय, आणि घरी तर विचारतातच. तुमच्याकडे तक्रार आलीय की शाळेत पाळणाघर चालतं, पटावर नसलेली पोरं बसवतात. खरी आहे तक्रार. कोणी केलीय तेही मला माहीत आहे, पण ते मागाहून. आधी माझं ऐका—दोरी ओढता ओढता बोलते हं, हात थांबला की दोघंही उठतात.

आमचा फणसपाडा म्हणजे मोरिवलीच्या पुढे, आनंदनगरच्या कंपन्यांच्या कुंपणाला चिकटून. पाड्यातल्या मूळ घरांची मुलं ह्या शाळेत येत नाहीत. एकही नाही. ती पिवळ्या व्हॅनमधून बदलापूरला जातात, टाय लावून. इथे येतात ती खोल्यांमधली, भाड्याने राहणाऱ्यांची—साताऱ्याकडची, जालन्याची, दोघं-तिघं बिहारची. बाप मशीनवर, आई पॅकिंगला. आईला कंपनीत सकाळची पहिली पाळी लागली की बाळापाशी कोण राहणार? मोठी मुलगी. आणि मोठा मुलगा असेल तर? तर तो शाळेत येतो आणि त्याच्या पाठची बहीण राहते. कोणी बसून ठरवलेलं नाही हे, पाणी उताराला जातं तसं जातं. मॅडम खोल्याखोल्यांतून फिरायच्या, मुलींना पाठवा म्हणायच्या, आया पाठवते म्हणायच्या आणि पाठवायच्याही—पाळी बदलली की. एक आठवडा शाळा, एक आठवडा बाळ. असा आठवडाआड गुणाकार कोणाला येईल? मला रोज जाऊनही धड आला नाही.

त्या खोल्या आमच्याच आहेत. सासऱ्यांच्या, पत्र्याच्या, एका रांगेत. सकाळी पाण्याची मोटर लावायला मी जाते. तेव्हा प्रीतम पोटात होता. एक दिवस गेले तर शेवटच्या खोलीला बाहेरून कडी. बाहेरून कडी म्हणजे माणसं कामाला गेली, बरोबर? पण आत आवाज. मला वाटलं टीव्ही चालू ठेवून गेले. कान लावला तर कोणीतरी वाचतंय, एका सुरात, शब्दाखाली बोट ठेवून वाचतात ना तसं. आणि वाचता वाचता मध्येच—“काशे, पान खाऊ नको गं.” पुस्तकाचं पान. ती स्वप्नाली, त्या खोलीतल्या सुजितची मोठी मुलगी, चौथीतली. आणि काशी तिची धाकटी. दोघींना आत ठेवून आई कंपनीत गेलेली. आतच शेगडी, आतच सगळं, वर पत्रा.

आई वाईट नाही हं तिची. दार उघडं ठेवलं तर पोरगी बाळाला कडेवर घेऊन बाहेर येणार, आणि दारातून कंपनीचे ट्रक वळतात. विचार करूनच लावलेली कडी ती. मी तिच्या जागी असते तर कडीवर कुलूपही घातलं असतं. मी मुळात घाबरट. प्रीतम शांत झोपला तरी नाकापाशी बोट धरून बघते, श्वास लागतो का. मघाशीही बघितलं—तुम्ही बघितलंत मला बघताना. तर अशी मी, त्या कडीसमोर उभी. आणि उभीच. भाडेकरूच्या दाराला मालकाच्या माणसाने हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम, आणि चांगला नियम आहे तो, उगाच चोरीचा आळ नको. मनात म्हटलं, मोटर लाव आणि जा. लावलीही मोटर. मग परत आले आणि कडी काढली. मी केलं ते एवढंच, सर. बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

दोघींना हाताला धरून इथे आणलं. मॅडम म्हणाल्या, ताई, लहान मूल वर्गात नाही चालत. म्हटलं, वर्गात नको, व्हरांड्यात असू दे, मी बसते, आजच्या दिवस. संध्याकाळी आईला सांगितलं तर ती आधी भांडली माझ्याशी, मग रडली, मग दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आली, आणि शेजारणीच्या कडेवर हा सदू. झोळ्यांचं कापड उल्हासनगरहून आणलं, कटपीसवाल्या एका सिंधी साईंकडून. मी आपली रंग बघत बसले होते. तो म्हणाला, कशाला पाहिजे? सांगितलं, तर म्हणतो, “दीदी, झूले के लिए जॉर्जेट मत लो, बच्चा फिसलेगा.” आणि आतून जाड कॉटन काढून दिलं. एवढी शिकलेली मी, आणि पोरांना जॉर्जेटमध्ये टांगणार होते.

पण मुली यायला लागल्या. रोज. पहिली पाळी असो की दुसरी. तुम्ही आत जाऊन बघा, मुलींची बाकं भरलेली आहेत. आणि हे बारकेही शिकतायत, बढाई नाही मारत मी. काशी अजून बोबडं बोलते, पण रोज इथून हजेरी ऐकते. दिवाळीनंतर स्वप्नालीला ताप आला, गावाहून कौसाबाई आलेली, तिची आजी, ती बसली तिच्यापाशी. काशीला ताप लागू नये म्हणून आईने तिला एकटीलाच इथे सोडलं. आणि मॅडमनी खाली मान घालून नाव घेतलं—स्वप्नाली—तर दारातून काशी म्हणते, “हजल, मॅडम.” आणि लागली हजेरी. दुसऱ्या दिवशीही लागली—

म्हणजे? हे तक्रारीत नाहीये? मला वाटलं तेही असेल त्यात. … बरं. आता बोलले ते बोलले. मॅडमनी खोडलं ते, खोडून शेजारी सही केली. लिहून घेताय? घ्या. पण अर्धंच नका घेऊ. एका बाईच्या गळ्यात दोन वर्ग का आहेत, तेही लिहा. आणि ती पोरगी शाळेत होती आणि हजर म्हणाली, त्यात तिने खोटं काय सांगितलं? होतीच ती हजर. मी दोनदा टीईटीला बसले, पण इतकी ठाम मी कुठल्याच प्रश्नाला नव्हते.

खिचडी? नाही, शाळेची नाही देत ह्यांना, तेवढा नियम मलाही कळतो. भात मी घरून आणते. घरून म्हणजे सासऱ्यांच्या पातेल्यातून, आणि तिथेच तर सगळं फुटलं. हो, तक्रार आमच्याच घरातून आलीय. हरिचंद्र म्हणून नाव असेल खाली, माझे सासरे, पाड्यात सगळे दादा म्हणतात. नका लपवू कागद, मला काही वाटत नाही. वाटतं थोडं. ही शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिली, ठाऊक आहे? भातशेतीतली, चांगली, रस्त्याकडची. तेव्हा आम्हा आगऱ्यांची पोरं शिकायला हवीत म्हणून दिली. ती शिकली आणि व्हॅनमध्ये बसली. दादा मला काही बोलले नाहीत, माझ्या नवऱ्याला बोलले, मी समोर उभी असताना—“आपले घरची सून भारेकरूंची पोरां हालवते, लोकां काय बोलतील?” हरेश गप्प. तो बऱ्याच गोष्टींवर गप्प असतो, तब्येत चांगली राहते त्याने. मी म्हटलं, दादा, लोक म्हणतील की शाळा चालू आहे. हे मोठ्याने म्हटलं की मनात, आता नीट आठवत नाही. बहुधा मोठ्याने, कारण दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे कागद आला.

माझी मोठी? तिचा काय संबंध इथे. … रिद्धी. दुसरीत आहे. सर, तुम्ही मुलांबद्दल विचारायला आलात की—व्हॅनमधून जाते. हो, पिवळ्याच. टाय लावून. झालं समाधान? मला वाटलंच होतं कोणीतरी हे विचारणार, फक्त ते तुम्ही असाल असं नव्हतं वाटलं, मला वाटलं होतं स्वप्नालीच विचारेल. दादांनी घातलं तिला तिथे, आणि मी नको म्हटलं नाही. मलाही वाटलं, इंग्रजी आलं पाहिजे, माझ्यासारखी राहायला नको. रोज रात्री इंग्रजी कविता म्हणून दाखवते. अर्थ विचारला की पुन्हा कविताच म्हणते. मी टाळ्या वाजवते. आणि सकाळी तिला व्हॅनमध्ये बसवून इथे येऊन दुसऱ्यांना सांगते की ही शाळा चांगली आहे. आहे मी तशी. पण म्हणून शाळा वाईट ठरत नाही, मी ठरते, आणि मी काही पटावर नाहीये. आणि ह्याचं, प्रीतमचं नाव मी इथेच घालणार आहे. घरी अजून कोणाला माहीत नाही. मलाही आत्ता बोलताना कळलं. आता बोलले म्हणजे झालंच ते.

काय लिहून देऊ? उद्यापासून पटाबाहेरचं एकही मूल आवारात दिसणार नाही, असं? आणि खाली मी सही करायची, म्हणजे मॅडमवर कारवाई होणार नाही. … नाही, सर. नियम तुमचा बरोबर असेल, पडलं झडलं कोणी तर जबाबदार कोण, हे मीच रोज रात्री उलटसुलट विचार करून मोजते, तुमच्या आधी. तरीपण नाही. तुम्ही असं करा—उद्या पहिल्या पाळीच्या आधी पाड्यात या. मी दाखवते खोल्या. आया निघतील. मोठी मुलगी आत, कडेवर बाळ, तिला सवय आहे. मग दार ओढायचं आणि बाहेरून कडी घालायची. ती तुम्ही घालायची. मी नाही घालणार. मॅडम नाही. दादासुद्धा नाही घालणार, भाडेकरूच्या दाराला हात न लावायचा नियम त्यांचाच आहे. स्वप्नालीची खोली शेवटची, तिथे जरा थांबा. ती वाचेल आतून. तेवढं ऐका आणि मग ऑफिसला जाऊन पाहिजे ते लिहा.

… हा आवाज येतोय ना, सगळ्यांच्या वर? तीच ती. पाढा म्हणतानाही भांडल्यासारखी म्हणते.

अरे—उठला का. सर, ही सदूची दोरी धरा जरा, मी प्रीतमला घेते. धरा हो, हिला काही नियम नाही. हिसका नको, नुसतं येऊ-जाऊ द्या… असं. येतं की तुम्हाला. घरी झुलवलंय वाटतं कोणाला तरी. राहू दे, नका सांगू, आत्ता नको. अजून जरा… हळू… हात काढू नका लगेच…

शू. मिटले डोळे. आता बोलायचं काही नाही.

निघताय? निघा. चपला हातात घ्या पायरी उतरेपर्यंत, आणि गाडीला इथे किक मारू नका, ढकलत न्या रस्त्यापर्यंत. तुमचा कागद खुर्चीवर राहिलाय, तो उचला. सही नाहीये त्यावर.

आणि फाटक ओढून घेऊ नका. असू दे उघडं.