दिवाळीचं पासिंग

मंचरहून नारायणगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि एक तरुण बोलत बसले होते.

“वडापाला, शिटा भरून न्यायला, जुनी जीप घेतोय, मावशी. एजंट म्हणतो, दरसाल आरटीओत तपासून पासिंग झालंय.”

“हिरवी हाय का? दाराला पत्रा ठोकलेली?”

“व्हय. तुमी कुठं पाह्यली?”

“आमचीच व्हती ती. घाटात ब्रेक गेला, तवापासनं गोठ्यामागं चाकं काढून पडली व्हती. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. संक्रांतीला भंगारात दिली.”

“पण पासिंग तर दिवाळीतलं हाय.”

“दिवाळीत तिला चाकंच नव्हती, बाबा.”

त्यानं मोबाईल कानाला लावला, पण फोन लागेना.

“मावशी, थोरला भाऊ सकाळीच ट्रायल म्हणून घरच्यांना घेऊन भीमाशंकरला गेलाय. तिच्यातच.”

“कंडक्टर,” म्हातारीच म्हणाली, “बेल मारा. ह्याला उतरू द्या.”