दामूच्या गळ्यातली शिट्टी

दामूची ती पितळी शिट्टी अजून माझ्या डोळ्यात सलते बघा. स्वराज्याआधी नंदुरबारात आमचं डोंगर फिरायचं मंडळ होतं. दामू म्होरक्या, शिट्टी घालून पुढे. मी कायम शेवटी, कोणी मागे राहू नये म्हणून.

एकदा तोरणमाळ चढताना या शहाण्यानं वाट चुकवली आणि समोर कडाच आला. पायवाट इतकी अरुंद, की सगळे जागच्या जागी मागे वळले. आता मी पुढे, दामू शेवटी.

शिट्टी आपल्याजवळ आहे याची आठवण देत तो मागून म्हणतो, "अरे, शिट्टी मन्हाजोडे शे."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. मांगे ऱ्हायना तं वाजव." मागे राहिलास तर वाजव, एवढंच.

मंडळी सुखरूप खाली आणली मी. पाड्यावरच्या म्हातारीनं पाण्याचा पहिला तांब्या मात्र दामूलाच दिला. शिट्टी त्याच्या गळ्यात होती ना.